अग्निपरीक्षा : हमखास पास मार्गदर्शक

सीतामाईला अग्निपरीक्षा द्यावी लागली तेव्हा बिचारीला मार्गदर्शक नव्हता. इमारतीच्या भिंतीत भरायचा उष्णतारोधक फोम विकणाऱ्या ब्रिटनमधल्या मंडळींची तशी आबाळ झाली नाही. होतकरू उत्पादकांसाठी त्यांचा अभ्यासक्रम देत आहोत. धडे लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला लागलेल्या आगीच्या चौकशीतले, टवाळी तेवढी आमची.

धडा पहिला : कॉपी. चाचणी अशी असते. उंच भिंतीवर फोम आणि बाहेरची पॅनलं चढवायची, पायथ्याशी लाकडं पेटवायची आणि आग वर किती चढली ते तापमापकांवर बघायचं. 2014 मध्ये सेलोटेक्स कंपनीचा फोम पहिल्या खेपेला आपटला. दुसऱ्या खेपेला तापमापकांजवळ मॅग्नेशियम ऑक्साइडचे न जळणारे बोर्ड बसवले आणि फुगवटा दिसू नये म्हणून त्यांच्यावर पातळ पॅनलं लावली. फोम पास! बोर्डांचा गवगवा करण्याइतके हे लोक बढाईखोर नव्हते.

धडा दुसरा : बारसं. एफआर 5000 नावाचा हाच फोम उंच इमारतींच्या बाजारात उतरवताना त्याचं नाव आरएस 5000 ठेवलं. बाळ तेच, टोपरं नवं.

धडा तिसरा : जुनी गुणपत्रिका. किंगस्पॅनचा के 15 हा फोम 2005 मध्ये चाचणीला बसला. पुढच्याच वर्षी त्याची घडण बदलली. गुणपत्रिका मात्र 2020 पर्यंत जुनीच दाखवत राहिले.

धडा चौथा : वरवरचा अभ्यास. ‘क्लास झिरो’ हा दर्जा पृष्ठभागावर आग किती पसरते यावर ठरायचा. त्यामुळे वर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि पोटात पॉलिथिलीन, असं पॅनलही ताठ मानेनं मिरवू शकायचं. पोटातलं विचारणं शिष्टाचाराला धरून नाही.

निकाल 14 जून 2017 च्या पहाटे लागला. चौथ्या मजल्यावरच्या एका फ्रिजमधून निघालेली आग बाहेरच्या पॅनलांवरून 24 मजली ग्रेनफेल टॉवरभर चढली. मुख्य गुन्हेगार पॅनलांच्या पोटातलं पॉलिथिलीन, पण फोमनंही हातभार लावला. 72 माणसं गेली. 2024 च्या अंतिम अहवालानं कंपन्यांच्या पद्धतशीर अप्रामाणिकपणावर बोट ठेवलं.

फोमला पर्याय म्हणून दगड वितळवून काढलेली रॉकवूल बाजारात होतीच. हजार अंशांपर्यंत ती दाद देत नाही. पण तेवढीच ऊब राखायला ती फोमपेक्षा जाड लागते, आणि जाडी म्हणजे जागा, जागा म्हणजे पैसा.

पैशाचा विषय निघालाच आहे, तर तोही हिशेब मांडू. ग्रेनफेलवर जस्ताऐवजी ही ॲल्युमिनियमची पॅनलं लावून 2,93,368 पौंडांची बचत ठरली होती. पुढे इंग्लंडमधल्या उंच इमारतींवरची धोकादायक आवरणं उतरवायला सरकारनं 5.1 अब्ज पौंड बाजूला काढले. काटकसरीचं हे खातं कोणत्या हिशेबनिसानं तपासलं, ते कळलं तर त्यालाही एक प्रमाणपत्र द्यावं म्हणतो. क्लास झिरोचं.