मामीचा फोन कसा घ्यावा

घरात एखादा डी. फार्म. झाला की नालासोपाऱ्यापासून अर्नाळ्यापर्यंतच्या गोतावळ्याला फुकटचा डॉक्टर मिळतो. आपण डॉक्टर नाही, औषधाच्या दुकानात उभे असतो, हे समजावण्यात वेळ घालवू नये. 25 मार्च 2020 ला केंद्राने टेलिमेडिसिनची नियमावली काढली; फोनवरून उपचार सांगायचे ते नोंदणीकृत डॉक्टरनेच. मी ती मामीला वाचून दाखवली. ‘‘बरोबरच आहे,’’ मामी म्हणाली, ‘‘परक्यांनी सांगूच नये.’’

फोन संध्याकाळच्या विरार फास्टमध्येच येतो. भाईंदर सुटेपर्यंत ख्यालीखुशाली चालते आणि गाडी खाडीच्या पुलावर खडखडू लागली की मामी मुद्द्यावर येते. तिथे आकडे सांगू नयेत. सहा-दहा, सात-साठ ही मंडळी फोनवर जुळी भावंडं होतात. नातवाला सहा थेंब द्यायचे असतील तर ‘षटकारातले सहा’ असं ओरडावं आणि डब्याच्या नजरा सोसाव्यात. ‘चमचा’ तर उच्चारूच नये. औषधाचा चमचा पाच मिलीलिटरचा, मामीचा आमटीचा. बाटलीवरचं खुणांचं झाकण म्हणावं.

रुग्ण स्वतः फोनवर कधीच नसतो. तो आतल्या खोलीत.

‘‘मामी, मामांना दुखतंय कुठं?’’

‘‘थांब, विचारते.’’ लांबून कण्हणं. ‘‘इथे म्हणतायत.’’

‘‘इथे म्हणजे?’’

‘‘अरे, हात लावून दाखवतायत ना!’’

म्हणून व्हिडिओ कॉल करावा. मामी सवयीने फोन कानाला लावते. अर्धा मिनिट कुडी न्याहाळावी; कान ठणठणीत, एवढं निदान पक्कं. चालू गोळी कोणती, याचं उत्तर ‘पांढरी, मधे रेघ असलेली’. स्ट्रिपवरचं नाव वाचायला सांगून उपयोग नसतो, कारण नाव छापलेली बाजूच आधी कापून संपवलेली असते.

छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं यांपैकी काही ऐकू आलं, तर मात्र ही सगळी हुशारी गुंडाळून ठेवावी. मागच्या पावसाळ्यात ऐकू आलं.

‘‘मामी, फोन ठेव आणि 108 लाव. आत्ता.’’

‘‘तोवर यांना सोडा देऊ?’’

‘‘काही देऊ नकोस. फोन ठेव!’’

ठेवला. नायगावचा फलाट दिसू लागला आणि पुन्हा तिचाच फोन.

‘‘108 च्या आधी शून्य लावायचं का रे?’’