बॅटरी कोण पितं?

नालासोपारा पूर्वेच्या तुळिंजमधल्या मोटारीचं आयुष्य उभं राहण्यात जातं. मालक सोमवार ते शनिवार विरार लोकलच्या दारात उभा, गाडी सोसायटीच्या गेटपाशी उभी; बसायला दोघांनाही मिळत नाही. बसते ती फक्त बॅटरी. आणि तीही नेमकी रविवारी सकाळी, जीवदानी देवीला निघालेली मंडळी नारळासकट आत शिरून दारं लावून झाल्यावर.

इथल्या एका गृहस्थांची गाडी २००८ सालची. म्हणजे वसई-विरार महापालिकेहून वर्षाने मोठी आणि पालघर जिल्ह्याहून सहा वर्षांनी. नंबरप्लेटवर अजून ठाण्याचा एमएच-०४. एवढ्या ज्येष्ठ गाडीने ‘कट्’ असा आवाज काढून मान टाकली, की गल्लीतलं वैद्यकमंडळ जमायला वेळ लागत नाही. एकाच्या मते अर्थिंग गेलं. दुसऱ्याच्या मते खाडीची खारी हवा. तळमजल्यावरचे काका ठामपणे म्हणाले, “सेल्फ बदला.” काकांकडे गाडी नाही, त्यामुळे त्यांचं मत सर्वांत निःपक्षपाती धरलं जातं.

धक्का मारून झाला. हा उपाय पद्मिनी गाडीच्या काळातला. कार्बोरेटरवाल्या गाडीला स्पार्कपुरती वीज मिळाली की ती फुरफुरत निघायची. आताच्या गाडीत पेट्रोलचा पंप आणि इंजिनाचा कॉम्प्युटर दोन्ही विजेवर चालतात. बॅटरी पार मेलेली असेल तर गाडी ढकलून फक्त पुढच्या इमारतीसमोर नेता येते. ती तशी नेली गेली. मग गृहस्थांनी नवी बॅटरी आणली, पेढे वाटले नाहीत एवढंच. पुढच्या रविवारी तीही बसली.

अखेर आचोळ्याकडचा एक वायरिंगवाला मिस्त्री आला. त्याने टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी पुसली (खाऱ्या हवेवाल्यांनी विजयी मुद्रेने पाहिलं), पण तेवढ्यावर तो थांबला नाही. “साहेब, बॅटरी चांगली आहे. रात्री कुणीतरी पितंय.”

चावी काढल्यावरही गाडी थोडा करंट खातेच. घड्याळ, रिमोट लॉक, कॉम्प्युटरची स्मृती यांचा तो पोटापुरता शिधा: साधारण २० ते ५० मिलिअँपिअर. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतून ५० मिलिअँपिअर गेले तरी दिवसाला १.२ अँपिअर-तासच खर्च होतात. ती रिकामी व्हायला जवळजवळ महिना लागतो. पण डिकीतला ५ वॅटचा एवढासा दिवा झाकण लावल्यावरही जळत राहिला, तर दिवसाला १० अँपिअर-तास गट्टम. रोज चालणाऱ्या गाडीत ही चोरी झाकली जाते, कारण अल्टरनेटर ती भरून काढतो. सहा दिवस झोपणाऱ्या तुळिंजच्या गाडीत ती उघडी पडते.

मिस्त्रीने निगेटिव्हची केबल सोडली आणि टर्मिनल व केबल यांच्यामध्ये मल्टिमीटर बसवला, १० अँपिअरच्या भोकात वायर घालून. आतला दिवा पेटू नये म्हणून दाराच्या खटक्यावर चिकटपट्टी लावली. “आता अर्धा तास कुणी हात लावायचा नाही. गाडी झोपू द्या.” तुळिंजमध्ये उघड्या बॉनेटला अर्धा तास कुणी हात लावायचा नाही ही अपेक्षा भाबडी होती. शेंडेफळाला आत विसरलेला चेंडू हवा होता, काकांना फक्त बघायचं होतं. दर वेळी पट्टी न लावलेलं दुसरं दार उघडलं, मीटरवरचा आकडा उडी मारून वर गेला आणि अर्धा तास पुन्हा पहिल्यापासून.

शेवटी आकडा स्थिरावला: ०.३८ अँपिअर. म्हणजे दिवसाला नऊ अँपिअर-तास. रविवारी रात्री भरलेली बॅटरी गुरुवारी संपणारच!

पहिला संशय डॅशबोर्डवरच्या लुकलुकत्या गणपतीवर गेला. घरातल्या आजींनी डोळे मिटले. मूर्तीची वायर काढली. आकडा जेमतेम हलला. बाप्पा निर्दोष. मग एकेक फ्यूज उपटणं सुरू झालं. हॉर्नचा काढला, काही नाही. वायपर, काही नाही. टेपचा काढला आणि मीटर धाडकन ०.०२ वर आलं.

नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला १८८२ साली पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी स्तूप खणला, तेव्हा एकात एक करंडक निघत गेले आणि शेवटचा सोन्याचा होता. पूर्वेला टेपमागे चिकटपट्टीच्या आत चिकटपट्टी निघत गेली. शेवटी पिवळी आणि लाल वायर एकमेकींना पीळ घालून बसलेल्या. टेपची पिवळी वायर कायम चालू, स्मृतीपुरती. लाल चावीबरोबर चालू-बंद व्हायला हवी. दोन्ही जोडल्या की टेपला वाटतं चावी लागलेलीच आहे, आणि तो सीटखालच्या अँप्लिफायरलाही रात्रभर जागवतो.

“हे कुणी केलं?” गृहस्थ कडाडले.

“अहो, चावी काढली की गाणी बंद पडतात म्हणून तुम्हीच नव्हतं का करून घेतलं?” मागच्या सीटवरून उत्तर आलं.

जुन्या गाड्यांत गुन्हेगार बहुतेकदा असाच, कंपनीने न बसवलेला आणि हौसेने पाळलेला. सगळे फ्यूज काढूनही आकडा उतरत नसेल, तर मात्र अल्टरनेटर पाहावा. त्याची जाड केबल थेट बॅटरीवर असते आणि आतला डायोड बिघडला तर करंट उलटा गळतो. रात्रभर उभ्या गाडीचा अल्टरनेटर सकाळी कोमट लागला तर समजावं. आणि ज्यांच्या गाडीत पावसाळ्यात पाणी शिरलं असेल, त्यांनी गालिच्याखालचे गंजलेले जोड आधी तपासावेत. इथे तशा गाड्या शोधायला लांब जावं लागत नाही.

मीटर विकत आणून हा प्रयोग घरी करणार असाल, तर एवढं पाळा: मीटर जोडलेलं असताना सेल्फ मारू नका. स्टार्टर शंभराहून जास्त अँपिअर ओढतो, मीटरची ताकद दहाची.