दार जरा हळू!

जुनी गाडी बाळगणाऱ्याचा सगळा तोरा तिच्या दाराच्या आवाजात असतो. इंजिन काय, कुणाचंही सुरू होतं. पण दार लावल्यावर येणारा भरदार 'धप्प' खानदानी असावा लागतो. म्हणून माझ्या गाडीतून उतरणाऱ्या कुणालाही "दार जरा हळू" हे ऐकल्याशिवाय घरी जाता येत नाही. लोक दार लावत नाहीत, मागच्या जन्मीचं काहीतरी वसूल करतात.

गेल्या पावसाळ्यात तो आवाज गेला. 'धप्प'चं 'खडाण्' झालं. सीटखाली पाणी, आणि एक्स्प्रेस-वेवर 80 गाठले की मागच्या दारातून शिट्टी. मेहुणा म्हणाला, "दाजी, डिकीत कुकर लावलाय का?" त्याची गाडी नवीन आहे, म्हणून मी उत्तर दिलं नाही.

गॅरेजवाल्याने दारावरून हात फिरवला. "साहेब, बीडिंग बसलीय. नवीन टाका." एवढंच! पैशाचं मला काही नाही, पण माझ्या गाडीचा आजार इतका किरकोळ असावा हे पटेना. मी बीडिंगचा व्यासंग आरंभला.

बीडिंग म्हणजे दाराच्या चौकटीभोवतीची ती काळी रबरी किनार. आत पत्र्याचा कणा, तो चौकटीची कड घट्ट धरतो. बाहेर स्पंजी, पोकळ नळी. दार लागलं की दबते, उघडलं की फुगते. वर्षानुवर्षं दबून एक दिवस ती फुगायचं विसरते. माझ्या शरीरात ही क्रिया नेमकी उलट दिशेने चालू आहे. परीक्षा सोपी: नोट मधे धरून दार लावायचं आणि नोट ओढायची. अडली तर बीडिंग ठीक, अलगद आली तर गेली. मी पाचशेची घेतली. दहाच्या नोटेवर निदान करणं प्रतिष्ठेला शोभेना. नोट अलगद आली, आणि सोसायटीच्या वॉचमनने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

इथे चार्ल्स गुडइयरबद्दल बोललंच पाहिजे. (बायको म्हणते, मुळीच नाही.) या अमेरिकन गृहस्थाच्या आधी रबर उन्हाळ्यात पाघळायचं आणि थंडीत कडक होऊन तडकायचं. त्याला ते सुधारायचं वेड लागलं. प्रयोग कुठे, तर घरच्या स्वयंपाकघरात! सरकारकडून टपालाच्या 150 रबरी पिशव्यांची ऑर्डर मिळवली, त्या उन्हाळ्यात पाघळल्या. कर्जापायी तुरुंग झाला, घरातलं सामान गहाण पडलं. अखेर 1839 साली गंधक मिसळलेलं रबर तापलेल्या शेगडीला लागलं आणि वितळण्याऐवजी करपून चिवट झालं. 1844 मध्ये पेटंट मिळालं; मग आयुष्य पेटंटचोरांशी कोर्टात भांडण्यात गेलं. 1860 मध्ये वारला तेव्हा डोक्यावर सुमारे दोन लाख डॉलरचं कर्ज होतं. टायरवाली कंपनी 1898 मध्ये निघाली. तिने त्याचं नाव आदराने घेतलं, बाकी त्याच्या घराण्याचा तिच्याशी संबंध नाही. मला हा माणूस फार जवळचा वाटतो. बायकोला त्याची बायको.

आजची बीडिंग बहुधा इपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराची. ऊनपावसाला सहसा दाद देत नाही, पण खनिज तेल लागलं की फुगते. त्यामुळे "थोडं ऑइल चोळा" म्हणणाऱ्या हितचिंतकांना मी व्याख्यान देऊन परत पाठवलं. दारांच्या तळाची भोकंही मोकळी केली. काचेच्या फटीतून पाणी दारात उतरणारच, ते खालून निघून जावं अशीच रचना असते. भोकं बुजतात आणि शिव्या बीडिंगला बसतात.

नाना पेठेतून नवी बीडिंग आणली. सांधा तळाशी ठेवून, कोपऱ्यात न ताणता, तळहाताने ठोकत बसवली. आणि दार लागेना! नवं रबर ताठ, त्यात गाडी हवाबंद. आत कोंडलेली हवाच दार अडवते. आपटल्याशिवाय इलाज नाही. मेहुण्याने आनंदाने आपटलं. दोनदा.

आईला मात्र ते जमेना. "दार जरा हळू" हे तिने इतक्या वर्षांत इतकं मनावर घेतलंय, की ती दार दोन्ही हातांनी, श्वास रोखून लावते. ते अर्धवट राहतं. मग ती हँडल घट्ट धरून बसते, बोलत नाही. कात्रजच्या वळणावर समोर दार उघडं असल्याचा लाल दिवा दिसला तेव्हा कुठे मला कळलं.

"आई, आपट ना जोरात!"

"नको रे. तुझी गाडी आहे."

यावर काय बोलणार? त्या दिवशी पुढच्या सबंध रस्त्यात मला त्या खानदानी 'धप्प'ची शिसारी आली.

उपाय अगदी साधा निघाला. एक काच उतरवली की हवेला वाट मिळते आणि दार सहज लागतं. आता आई बसायला आली की मी माझी काच पूर्ण खाली करतो, बाहेर आषाढ का कोसळेना. परवा उजवा खांदा चिंब भिजला, पाणी सीटवरून मागे ओघळलं. आईने पाय वर घेतले.

"अरे, नवीन रबर बसवलंस ना? मग हे पाणी कुठनं येतंय?"