कायद्यापेक्षा जास्त दिल्याबद्दल

सरकारनं द्यायचं ते दिलं नाही, तर त्यात कुणाला नवल वाटत नाही. पण एखाद्या सरकारनं द्यायचं त्याहून जास्त दिलं तर? अमेरिकेत याचा चोख बंदोबस्त आहे. जास्त देणाऱ्यानं तसं लेखी कळवायचं.

थट्टा नाही, कायदा आहे. दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा तिथला फेडरल कायदा मूळचा 1975 चा. ‘आयडिया’ हे नाव त्याला 1990 मध्ये मिळालं. 2004 मध्ये त्याची डागडुजी झाली, तेव्हा त्यात एक कलम बसलं. आपल्या नियमांपैकी कोणते वॉशिंग्टननं, म्हणजे फेडरल सरकारनं, सांगितलेले नाहीत, ते राज्यानं वेगळे काढायचे आणि शाळा चालवणाऱ्या आपल्या स्कूल डिस्ट्रिक्टांना व थेट देशाच्या शिक्षणमंत्र्यांना लेखी कळवायचे. वर, एकूणच नियम कमीत कमी ठेवायचे. लाच घेतली तर कबुलीजबाब द्यावा लागतो, हे आपल्याला ठाऊक आहे. इथं माया लावल्याचा कबुलीजबाब आहे.

आता गुन्हे बघा. मिशिगननं कहरच केलाय. फेडरल कायदा एकविसाव्या वर्षानंतर हात झटकतो. मिशिगन सव्विसाव्या वर्षापर्यंत शिकवत बसतं. कॅन्ससनं हुशार मुलांनाही याच छत्राखाली घेतलंय. वॉशिंग्टनच्या लेखी हुशारी ही काही अडचण नाही; आईबापांना विचारून पाहायला हवं होतं. न्यूयॉर्क सराईत गुन्हेगार. विशेष वर्गात मुलं किती असावीत याबद्दल फेडरल कायदा चकार शब्द काढत नाही, पण न्यूयॉर्कनं आठ मुलं, एक शिक्षक, एक मदतनीस असे हिशेबच घालून दिलेत. आठांत नववं बसवायला काय हरकत होती? नववं मूल तसं फार जागा घेत नाही.

न्यू जर्सीची गोष्ट आपल्या जवळची, कारण एडिसनच्या आसपास मराठी घरं पुष्कळ. तिथं शाळा संपल्यावर मुलाचं पुढं काय, याचा विचार चौदाव्या वर्षीच सुरू करावा लागतो. फेडरल कायदा सोळाव्यापर्यंत निवांत असतो. पण त्याहून मोठा उद्योग न्यू जर्सीनं 2008 मध्ये केला. सर्वोच्च न्यायालयानं 2005 मध्ये सांगितलं होतं, की आईबाप आणि डिस्ट्रिक्ट यांच्यातला वाद सुनावणीपर्यंत गेला तर जो दाद मागतो त्यानंच आपली बाजू सिद्ध करावी. म्हणजे बहुतेक वेळा आईबापांनी. न्यूयॉर्कनं 2007 मध्ये आणि पाठोपाठ न्यू जर्सीनं कायदा करून हे ओझं डिस्ट्रिक्टच्या डोक्यावर ठेवलं. ज्याच्याकडे कागद, तज्ज्ञ आणि वकील, त्यानंच सिद्ध करायचं! अशानं शाळांनी कारभार करायचा कसा?

मुलाला काय द्यायचं, हे ठरवणारी शाळेतली बैठक बघा. टेबलाच्या एका बाजूला चाइल्ड स्टडी टीम, म्हणजे मानसशास्त्रज्ञ, सोशल वर्कर, केस मॅनेजर. दुसऱ्या बाजूला एखादा मराठी बाप आणि त्याच्या मांडीवरची फुगलेली फाइल. कंपनीत हा माणूस प्रत्येक बैठकीत विचारतो, की हे स्कोपमध्ये आहे का? इथं तोच प्रश्न त्याला ऐकावा लागतो. फेडरल कायद्यात हे बसत नाही, असं त्याला फार गोड आवाजात सांगितलं जातं. ते खरंही असतं. राज्याच्या कायद्यात बसतं, हे वाक्य मात्र त्या गोड आवाजाला कधी सुचत नाही.

वॉशिंग्टनचा कायदा तळ ठरवतो, छत नाही. तो तळ किती खाली आहे, हे 1982 मध्ये एमी राउली या बहिऱ्या मुलीच्या खटल्यात कळलं. आईवडिलांनी वर्गात खुणांच्या भाषेचा दुभाषी मागितला. वर्गात जे बोललं जाई त्यातलं बरंचसं तिच्यापर्यंत पोचत नव्हतं, तरी ती पास होत होती. एवढं पुरे, असं न्यायालयाचं मत पडलं. मुलाची पूर्ण कुवत फुलवा, असं कायदा म्हणत नाही. 2017 मध्ये न्यायालयानं हा तळ थोडा वर उचलला. त्याआधी काही अपील न्यायालयं नावापुरत्या प्रगतीवरही समाधानी होती.

आता हिशेबाची दुसरी बाजू. 1975 मध्ये वॉशिंग्टननं शब्द दिला होता, की देशात दर विद्यार्थ्यामागे सरासरी जो खर्च होतो, त्याच्या 40 टक्क्यांपर्यंत रक्कम या मुलांसाठी आम्ही देऊ. प्रत्यक्षात आकडा अलीकडे 15 टक्क्यांच्याही खाली आहे. पंगतीच्या खर्चाचा मोठा वाटा उचलतो म्हणालेला यजमान कोपऱ्यात बसून वाढप्याला दटावतोय, श्रीखंडाचा दुसरा चमचा कुणाला वाढलास ते लिहून दे! या राहिलेल्या टक्क्यांबद्दल कुणी कुणाला लेखी कळवावं, असं कलम मात्र 2004 च्या डागडुजीत नाही. जागा संपली असावी.

योगायोग असा, की त्याच 2004 मध्ये टेक्सासनं ठरवलं, विशेष शिक्षण घेणारी मुलं 8.5 टक्क्यांच्या आसपास असावीत. देशाची सरासरी 13 च्या घरात. मुलं टेक्सासची असली, तरी निसर्ग काही टेक्सासचा नव्हता. डिस्ट्रिक्टांनी मुद्दा ओळखला आणि मुलं आपोआप ‘बरी’ होऊ लागली. हा आकडा ‘जास्तीच्या’ यादीत बसणारा नव्हताच. 2016 मध्ये ह्यूस्टन क्रॉनिकलनं तो चव्हाट्यावर आणला आणि 2018 मध्ये फेडरल शिक्षण खात्यानं टेक्सासनं कायदा मोडल्याचं जाहीर केलं. जास्तीची नोंद लेखी आणि नियमित. कमतरतेसाठी पत्रकार लागतो.

राज्यांनी लेखी कळवलेल्या ‘जास्तीच्या’ याद्या हातात धरून न्यूयॉर्कसारख्या राज्यांत अधूनमधून मागणी होते, की हे ‘जादा’ नियम काढून टाका, बोजा हलका करा. पण यादीचं एक झालं. ती सरकारी संकेतस्थळावर असते आणि आईबापांना वाचता येतं. आपल्या मुलाला राज्यानं आणखी काय काय देऊ केलंय, हे इतक्या नीट, नियमाच्या क्रमांकासह, दुसरं कुठलंही खातं सांगत नाही. तो मराठी बाप आता पुढच्या बैठकीला तीच यादी छापून नेतो, पिवळ्या हायलायटरनं रंगवून. असली यादी छापणंच बंद करावं, असं डिस्ट्रिक्टच्या एखाद्या डायरेक्टरबाईंना वाटलं, तरी इलाज नाही. हा कागद तर थेट फेडरल कायद्यानंच मागितलेला आहे.