मेगाबिट काका

आमच्या सोसायटीत कुणाचा टीव्ही अडकला की कंपनीला फोन जात नाही, बी विंगमधल्या मेगाबिट काकांना जातो. कंपनीचा माणूस उद्या येतो. काका लिफ्टचीही वाट न बघता जिन्याने येतात. निवृत्तीआधी ते विक्रीकर खात्यात होते. त्यामुळे कुणाच्याही घरात शिरताना घरमालक काहीतरी लपवतोय, अशीच त्यांची नजर असते.

"अडकतं म्हणजे नेमकं काय होतं, वहिनी? आधी धूसर होऊन मग अडकतं, की स्वच्छ दिसता दिसता एकदम चक्र फिरायला लागतं?"

वहिनींना एवढंच सांगता येतं, की नायिकेनं दार उघडलं आणि बाहेर कोण उभं आहे ते दिसलंच नाही. काकांना बाहेर कोण आहे याच्याशी कर्तव्य नसतं. धूसर होतं म्हटलं की त्यांचा चेहरा उजळतो. "वा! म्हणजे यंत्रणा जागी आहे. बिटरेट उतरवलाय तिनं." मग वहिनींच्या हातातला रिमोट स्वतःकडे घेऊन ते सांगू लागतात: मालिका अखंड येतच नसते, चार-सहा सेकंदांच्या तुकड्यांनी येते. प्रत्येक तुकड्याच्या भारी-हलक्या अशा अनेक प्रती सर्व्हरवर तयार असतात. नेट मंदावलं की ॲप पुढचा तुकडा हलक्या प्रतीतला मागवतं. ॲपलनं ही एचएलएस पद्धत 2009 मध्ये आणली. हे साल काका स्वतःच्या लग्नाच्या सालापेक्षा जास्त खात्रीनं सांगतात.

त्यांचं नाव पडलं ते तिसऱ्या मजल्यावरच्या मुलामुळे. तो सहज बोलून गेला, "आमचं नेट शंभर एमबीचं आहे." काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "मेगाबिट! आठ बिटांचा एक बाइट. शंभर भागिले आठ. सेकंदाला साडेबारा एमबी, तेही कागदावर." मुलगा आयटीतला होता, त्याला हे सगळं ठाऊक होतं, पण ते ठाऊक आहे हे सांगायला काकांच्या बोलण्यात फट सापडावी लागते.

पुढचा प्रश्न ठरलेला: "राउटर कुठाय?" तो चपलांच्या कपाटात सापडतो, नाहीतर फ्रिजच्या मागे. "फोर-केला नेटफ्लिक्स सांगतं 15 मेगाबिट. तुम्ही घेतलेत 200. आणि कोंडून ठेवलेत चपलांत!" मग पाच गिगाहर्ट्झचा वेग जास्त पण भिंतीपुढे तो कसा हरतो, आणि 2.4 संथ असलं तरी स्वयंपाकघरापर्यंत कसं पोचतं, याचं प्रात्यक्षिक होतं. तोवर भाग संपलेला असतो.

पंचाईत अशी, की काकांचं सगळं बरोबर असतं. चुकत असते तर लोकांनी त्यांना केव्हाच गप्प केलं असतं.

19 नोव्हेंबर 2023 ला क्लबहाउसमध्ये प्रोजेक्टर लावून विश्वचषकाची अंतिम लढत ॲपवर चालली होती. रोहित शर्मा 47 वर. समोरच्या इमारतीत डिश अँटेना आहे, तिथून एकदम "अरेरे!" असा सामुदायिक सूर आला. आमच्याकडे मॅक्सवेलनं अजून चेंडूही टाकला नव्हता. सगळे चरकले. काका मात्र उठून थेट पडद्यासमोर गेले.

"घाबरू नका, ही लेटन्सी आहे." कॅमेऱ्यातून एन्कोडर, मग तुकडे, मग आपल्या जवळच्या सीडीएनचा सर्व्हर, मग ॲपचा बफर. "बफर म्हणजे आपली गच्चीवरची टाकी. खालून पाणी थांबत थांबत आलं तरी नळाला धार सलग. सिनेमाची टाकी आधी भरून ठेवता येते. सामन्याचं पाणी अजून पडतंय, ते साठवणार कुठून? टाकी लहान ठेवली तर धार तुटते, मोठी ठेवली तर उशीर होतो."

"काका, बाजूला व्हा!"

"होतो. पण कळलं का?"

ट्रॅव्हिस हेडनं उलटं धावत घेतलेला तो झेल आम्ही काकांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पाहिला. त्या सामन्याला ॲपवर एका वेळी 5 कोटी 90 लाख लोक होते, हे वाचल्यापासून काका तो पराभव जवळजवळ विसरलेत. "एवढा भार आणि सर्व्हर पडला नाही!" असं अभिमानानं सांगतात. कोण जिंकलं ते विचारावं लागतं.

काकू या सगळ्यापलीकडे गेलेल्या बाई. त्या रात्री अंथरुणात पडून, हातभर लांब धरलेल्या फोनवर मालिका बघतात. परवा काका मागून डोकावले आणि कळवळून म्हणाले, "अगं, 480 वर बघतेयस! पॅनल ओएलईडी आहे त्याचा, एचडीआर आहे!"

"ती रडतेय," काकू मान न वळवता म्हणाल्या. "480 मध्येसुद्धा दिसतंय मला."

काकांनी चष्मा पुसला, वाकून नीट पाहिलं.

"दिसतंय," ते म्हणाले, "पण अश्रूंच्या कडा फाटल्यात."