कुत्र्याला माणूस कळतो

‘कुत्र्याला माणूस कळतो’ हे वाक्य ज्याने पहिल्यांदा उच्चारलं, त्याच्यापुढे त्या क्षणी एखादं कुत्रं शेपूट हलवत उभं असणार. अंगावर कुत्रं धावून आलेल्या माणसाने हा सिद्धांत मांडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. तो म्हणतो, ‘पिसाळलंय वाटतं!’

रायपूरच्या चौबे कॉलनीतल्या आमच्या गल्लीचा टायगर मला पाहून शेपूट हलवतो, म्हणून मी हा सिद्धांत मानणाऱ्यांपैकी. संध्याकाळी मी फाटक उघडलं की तो ट्रान्सफॉर्मरखालून उठतो. उठतो म्हणजे आधी पुढचे पाय लांबवून, मागचा भाग उंच ठेवून सविस्तर आळस देतो, जिभेची सुरळी करून जांभई देतो, कान फडफडवतो आणि मग माझ्याकडे बघतो. हा सगळा समारंभ आपल्यासाठी आहे, अशी माझी पक्की समजूत होती. कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर मी चारचौघांत सांगायचोसुद्धा, ‘‘ये किसीके पास नहीं जाता जी, सिर्फ मेरे पास आता है.’’ पानवाला मान डोलवायचा. तो मान का डोलवत होता, ते नंतर कळलं. टायगर दुपारभर त्याच्या ठेल्याखाली झोपत असे.

मग एक दिवस नसबंदीवाली गाडी टायगरला घेऊन गेली. नियम असा की शस्त्रक्रिया आणि रेबीजची लस झाली की कुत्र्याला जिथून उचललं तिथेच आणून सोडायचं. हे मला ठाऊक होतं, तरी ‘आमचा कुत्रा’ नेला म्हणून मी फाटकाबाहेर येऊन उभा राहिलो. तिथे आधीच सेनबाबू उभे होते. ‘आमचा भोला’ नेला म्हणत होते. मागून अगरवालांच्या सूनबाई ‘हमारा शेरू’ करत आल्या आणि समोरचे साहूजी ‘हमर करिया’ला शोधत आले. त्या दिवशी उलगडा झाला. साहूजींकडे सकाळी बासी, म्हणजे रात्रीचा पाण्यात भिजवलेला भात, अगरवालांकडे तूप लावलेली रोटी, आमच्याकडे दूधपोळी, आणि रात्री सेनबाबूंकडे माशाचं डोकं. मराठी घराच्या दूधपोळीवर वाढल्यामुळे याच्यात एक प्रकारचा सात्त्विकपणा आलाय, असं मी बायकोला ऐकवत होतो. माशाच्या डोक्याचं कळल्यावर बायको बराच वेळ काही बोलली नाही. फक्त हसत होती.

टायगर परतला तो कानाला छोटी तिकोनी खाच घेऊन. नसबंदी झाल्याची ती खूण. माझा अंगठा तिच्यात बरोब्बर बसतो. सेनबाबूंचाही बसत असणार, पण मी विचारलेलं नाही.

दूधपोळीचा सोडा, कुळाचा अभिमान हा आमचा घरचाच आजार. आमचं घराणं बिंबाजीराजांबरोबर छत्तीसगडात आलं, असं आजोबा सांगत. नागपूरकर भोसल्यांचे बिंबाजी 1758 मध्ये रतनपूरला येऊन बसले, हे इतिहासात आहे. त्यांच्याबरोबर आम्हीही होतो, हे फक्त आजोबांच्या बोलण्यात आहे. हाती असलेला पुरावा सांगतो की पणजोबा बंगाल-नागपूर रेल्वेत मालधक्क्यावर कारकून होते. पण 1935 पासून चालत आलेल्या इथल्या महाराष्ट्र मंडळात कुणी ‘तुम्ही मूळचे कुठले?’ विचारलं की मी अजूनही बिंबाजीपासून सुरुवात करतो. कागदपत्रांच्या बाबतीत शंकरनगरातला हस्की माझ्यापेक्षा वरचढ आहे. त्याच्या आईवडिलांची नावं छापील आहेत.

त्या हस्कीचं काय करावं मला कळत नाही. सायबेरियाच्या बर्फात गाडी ओढायला घडलेला जीव, आणि आमचा रायपूरचा मे महिना. पारा पंचेचाळिसाकडे सरकतो, तलावाकाठचा वारासुद्धा तोंड भाजून काढतो आणि हा बिचारा एसीच्या झोताखाली फरशीला पोट चिकटवून पडलेला. मालक सांगतात, ‘‘इसको बाहर अच्छा नहीं लगता.’’ कसं लागेल? आमच्या लहानपणी तात्यापाऱ्यात ज्याच्या-त्याच्याकडे पामेरियन होता. त्याचीही लोकर तेवढीच आणि उन्हाळाही हाच, फक्त एसीऐवजी माठाखालची ओल. मुधोळ, कारवान अशी आपल्याकडची उन्हातान्हात सशामागे धावणारी जातिवंत कुत्री आहेत; मुधोळ तर सैन्यानेही घेऊन पाहिलं. पण ती अंगाने काटकुळी, बरगड्या मोजता येतील अशी. पाहुण्यांना वाटायचं आपण उपाशी ठेवतो! शोभेला केस हवेत.

पाळलेल्या कुत्र्यांवरून आता देवळातल्या कुत्र्याकडे, कुकुरदेवाकडे वळतो. बालोदजवळच्या खपरी गावात कुत्र्याचं देऊळ आहे. रायपूरकरांना ते माहीत असतं, पण जातं कोणी नाही. मी गेलो. गाभाऱ्यात शिवलिंग आणि शेजारी कुत्र्याची मूर्ती. देऊळ नागवंशी राजांच्या काळातलं, चौदाव्या-पंधराव्या शतकातलं सांगतात. लोक दोन कारणांसाठी येतात : कुत्रं चावू नये म्हणून आणि कुकुरखांसी, म्हणजे आपला डांग्या खोकला, बरा व्हावा म्हणून. मी तिथे नमस्कार केला तो जरा ऐटीतच. ओळखीच्या खात्यात आल्यासारखा.

कथा अशी. दुष्काळ पडला. एका बंजाऱ्याला पैशांची निकड आली. त्याने आपला कुत्रा सावकाराकडे गहाण ठेवला. इथेच मी अडतो. कुठला सावकार कुत्रा गहाण ठेवून घेतो? सोनं, भांडी, जमीन समजू शकतो. कुत्र्यावर व्याज कसं लावणार? बरं, त्याला रोज खायला घालायचा खर्च कुणाच्या खात्यावर? मुदतीत कुत्रा म्हातारा झाला तर मुद्दल बुडालं म्हणायचं का? देवळाबाहेर नारळ विकणाऱ्याला मी हे विचारलं. तो म्हणाला, ‘‘पहिली के सावकार बने रहिन.’’ पूर्वीचे सावकार चांगले असत. यावर काय बोलणार?

पुढे सावकाराकडे चोरी होते. चोर माल तलावात लपवतात, कुत्रा ते बघून ठेवतो आणि सकाळी सावकाराचं धोतर ओढत त्याला तिथे नेतो. सावकार खूश. तो सगळी हकीकत चिठ्ठीवर लिहितो, कुत्र्याच्या गळ्यात बांधतो आणि कर्ज फिटलं म्हणून त्याला मालकाकडे पाठवतो. बंजारा लांबून बघतो तर कुत्रा परत आलेला. पळून आला, माझा शब्द मोडला, म्हणून तो काठीच्या एका तडाख्यात त्याला मारतो. मग चिठ्ठी वाचतो.

मग चिठ्ठी वाचतो! माझं सगळं भांडण या ‘मग’शी आहे. गळ्यात बांधलेली चिठ्ठी लांबून दिसत नाही, मान्य. पण हातात काठी घ्यायला वेळ मिळाला, तेवढ्यात कुत्रा जवळ आलाच असणार ना? आणि ही एकट्या बंजाऱ्याची गोष्ट नाही. पंचतंत्रातला मुंगूस बाळाला सापापासून वाचवतो, तोंडाला रक्त बघून आई त्याला ठार मारते, मग पाळण्यात डोकावते. तिकडे वेल्समध्ये बेडगेलर्ट नावाच्या गावी राजपुत्राचा कुत्रा लांडग्यापासून बाळ वाचवतो. राजपुत्र आधी तलवार चालवतो, मग पाळणा बघतो. त्या कुत्र्याची तिथे समाधीही आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी गावातल्या एका खाणावळवाल्याने गिऱ्हाईक वाढावं म्हणून ती उभारली, असं म्हणतात. निदान त्या गृहस्थाचा हिशेब सरळ होता. बाकी पृथ्वीभर पद्धत एकच : आधी मारा, मग वाचा, मग देऊळ बांधा.

स्वतःहून मरणारा कुत्रा तर आपल्याला त्याहून आवडतो. रायगडावर 1936 पासून वाघ्याचा पुतळा आहे. शिवाजीमहाराजांच्या चितेत त्याने उडी घेतली म्हणतात, समकालीन कागदांत तो सापडत नाही म्हणतात. 2012 मध्ये पुतळा उखडला गेला, पुन्हा बसला, 2025 मध्ये पुन्हा वाद. साताऱ्याजवळ संगम माहुलीला थोरल्या शाहूमहाराजांच्या खंड्याची समाधी आहे. त्याने महाराजांना वाघापासून वाचवलं आणि त्याला पालखीचा मान होता, असं सांगतात. जिवंतपणी मान मिळालेला मला आठवणारा हा एकच. दत्ताच्या पायाशी बसलेली चार सोडली तर बाकी सगळे सन्मान मरणोत्तर.

आणि रोलो. 2025 च्या एप्रिलमध्ये आमच्याच राज्याच्या सीमेवर, कर्रेगुट्टाच्या डोंगरांत, नक्षलवाद्यांविरुद्ध मोठी मोहीम चालू होती. रोलो ही सीआरपीएफची दोन वर्षांची बेल्जियन मॅलिनॉइस जातीची कुत्री, जमिनीत पुरलेली स्फोटकं हुंगून काढणारी. मधमाश्यांचं मोहोळ उठलं. तिच्या हॅण्डलरांनी तिला प्लॅस्टिकखाली झाकलं, पण माश्या आत शिरल्या. वेदनेने ती बाहेर धावली. सुमारे दोनशे डंख. नंतर तिला महासंचालकांचं प्रशस्तिपदक मिळालं, तेही मरणोत्तर. हे मी पेपरात वाचलं तेव्हा चहा ठेवून दिला. वाटेत जो जो सुरुंग तिने शोधला असेल, तिथून कुणीतरी दोन पायांवर चालत पुढे गेलं असणार. तिला पदक देणाऱ्यांवर माझा राग नाही. पण कुकुरदेवापुढे मला जे खटकलं होतं, ते या बातमीपाशी येऊन मुकाट झालं. इथे कुणी काठी उचलली नव्हती. दोन वर्षांच्या जिवाला आपण तिथे नेलं होतं, इतकंच.

दुसरी बाजूही याच राज्यातली आहे, आणि ती श्वानप्रेमी मंडळी सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो. बलौदाबाजार जिल्ह्यात लच्छनपूरच्या सरकारी शाळेत 2025 च्या जुलैमध्ये माध्यान्ह भोजनाच्या भाजीला कुत्र्याने तोंड लावलं. तेच अन्न पोरांना वाढलं गेलं. पाऊणशेहून अधिक मुलांना रेबीजची लस टोचावी लागली आणि उच्च न्यायालयाने प्रत्येक मुलाला 25 हजार रुपये द्यायला लावले. त्या कुत्र्यालाही भूकच लागली असणार, त्याला काय दोष द्यायचा! नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने शाळा, इस्पितळं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं कुत्र्यांपासून मोकळी करायला सांगितलं, आणि आमच्याकडे शाळेभोवतालच्या कुत्र्यांची खबर देण्याचं काम मुख्याध्यापकांकडे आलं. माझा मेहुणा मुख्याध्यापक आहे. जनगणना, मतदारयाद्या, आणि आता हे. परवा फोनवर म्हणाला, ‘‘दाजी, पोरांची हजेरी झाली की बाहेरच्यांची घेतो. ते जास्त नियमित आहेत.’’

पण माझ्या सिद्धांताचा निकाल लावला तो आमच्याकडे काम करणाऱ्या बाईने. ती पहाटे सहाला येते. टायगर तिच्यावर भुंकतो. मी म्हटलं, ‘‘अगं, त्याला माणूस कळतो, तू घाबरतेस म्हणून तो भुंकतो.’’ भांडी खळखळवत ती म्हणाली, ‘‘तुमन ला देख के पूछी हलाथे बाबूजी, मोला देख के दांत देखाथे.’’ मग मी बघू लागलो. टायगर कुणावर भुंकतो? पोतं घेतलेल्या कबाडीवाल्यावर. पेपरवाल्या पोरावर. उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून रात्रपाळी करून सायकलीवर परतणाऱ्या तिच्या नवऱ्यावर. कुणावर नाही? मोटारीतून उतरणाऱ्यांवर. इस्त्रीच्या कपड्यांवर. माझ्या बँकेतल्या साहेबांवर, ज्यांच्यावर खरं तर भुंकायला हवं होतं. हे सगळं त्याला कोणी शिकवलं? आम्हीच की. कबाडीवाला दिसला की ‘ए, क्या चाहिए?’ असं आम्ही फाटकातून ओरडतो, त्याच सुरात तो भुंकतो.

त्या बाईला तिच्या वस्तीतलं एक कुत्रं खरंच चावलं होतं. पोटरीवर दोन दात उमटलेले. सासूने जखमेत भरायला लाल तिखट काढलं होतं, पण वस्तीतली मितानिन, म्हणजे आरोग्यसेविका, वेळेवर आली. तिने नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायला लावली आणि मेकाहाराला, म्हणजे मोठ्या सरकारी इस्पितळात, पाठवलं. इंजेक्शनांच्या तारखा बाईने आमच्याच कॅलेंडरवर गोल करून ठेवल्या होत्या. एकादशीच्या खुणेशेजारी. मी त्या पाहिल्या होत्या. मला वाटलं तिची भिशी असेल.

त्या आठवड्यात मी पशुवैद्याला घरी बोलावलं. टायगरची लस पुन्हा द्यायची वेळ झालीच होती. चारही घरांना सांगितलं. सगळे आले. सेनबाबूंनी भोलाचं तोंड धरलं, साहूजींनी करियाचे पाय आणि अगरवालांच्या सूनबाई शेरूला ‘कुछ नहीं होगा बेटा’ म्हणत होत्या. डॉक्टरांनी कार्ड काढलं आणि विचारलं, ‘‘मालिक का नाम?’’

शांतता पसरली. सेनबाबूंना एकदम डोळ्यांत काहीतरी गेलं. साहूजी म्हणाले, ‘‘ये तो मोहल्ले का है.’’ डॉक्टर म्हणाले, मोहल्ला सही करत नाही. उद्या कुणाला चावलं तर विचारायला कुणीतरी हवं. सूनबाईंचा कुकर शिट्ट्या देऊ लागला. मला तो ऐकू आला नाही, पण त्यांना आला. आता इथे माझी गोची झाली. इतकी वर्षं पानठेल्यावर सांगितलेलं सगळं त्या एका रकान्यात येऊन बसलं होतं. मी नाव लिहिलं, पूर्ण लिहिलं, पणजोबांपर्यंत जाण्याचा मोह टाळला. बाई दारात उभी राहून बघत होती. ‘‘अब बने हे,’’ म्हणाली. आता ठीक आहे.

तेव्हापासून टायगर दिवसा चौघांचा आणि तक्रारीपुरता माझा. रात्री भुंकला की सेनबाबू फोन करतात, ‘‘आपका कुत्ता...’’ कबाडीवाल्यासाठी मी फाटकाजवळ बिस्किटांचा पुडा ठेवला आहे. तो रोज एक बिस्कीट टायगरला देतो आणि उरलेली स्वतः खातो, हिशेब ठीकच आहे. पेपरवाल्याशी अजून वाटाघाटी चालू आहेत. कालच सेनबाबू एक चप्पल हातात घेऊन आले. दुसरी आपके कुत्ते ने नेली म्हणाले. मी विचारलं, कुठली, डावी की उजवी? उजवी म्हणाले. म्हणजे आमच्या तुळशीमागे सापडलेली डावी साहूजींची असणार.