दोनशे दहाचं टाका

पंपावर जाऊन सरळ दोनशे रुपयांचं पेट्रोल मागणारा माणूस आमच्या कॉलनीत भोळा समजला जातो. दोनशे दहाचं मागायचं. दोनशेचं मागितलं की पंपवाला मारतो आणि दोनशे दहा म्हटलं की त्याला मारायचा हिशोब जमत नाही, अशी इथली पक्की समजूत आहे. शिवाय जायचं पहाटे, कारण गारव्यात पेट्रोल घट्ट असतं, जास्त बसतं. पंपाची टाकी जमिनीत पुरलेली असते, तिथे पहाट काय नि दुपार काय, जवळपास सारखंच, असं मी एकदा सांगून पाहिलं. ‘तुमचं ठीक आहे हो, तुम्ही पगारदार,’ असं उत्तर आलं.

पूर्वी दरवाढीला सणाची कळा असायची. ‘मध्यरात्रीपासून पेट्रोल दोन रुपयांनी महाग’ असं बातम्यांत ऐकलं की जेवणं उरकून अख्खी कॉलनी पंपावर. स्कूटरमध्ये चार लिटर मावायचं, म्हणजे आठ रुपयांची बचत. त्या आनंदात येताना सगळ्यांना आइस्क्रीम. १६ जून २०१७ पासून देशभर भाव रोज ठरू लागले आणि हा उत्सव बंद पडला. पुढे तर रोज ठरणारा भाव महिनोन्‌महिने जागचा हललाच नाही, पण तोवर शंभरी उलटून गेली होती. मुंबईने ती मे २०२१ च्या अखेरीस गाठली. परभणीने त्याआधीच. परभणीला पेट्रोल येतं थेट मनमाडच्या डेपोतून आणि टँकरचं भाडं भावात बसतं. म्हणजे पेट्रोल आणायला जे डिझेल जळतं, त्यानेच पेट्रोल महागतं. परभणीकरांनी हे सोसावं तरी किती!

शेजारच्या काकांनी मात्र महागाईला शास्त्राने उत्तर दिलं आहे. कार चालवताना ते उजव्या पायातली चप्पल काढून ठेवतात. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवायचा नाही, त्याला फक्त स्पर्श जाणवू द्यायचा. टायरची हवा दर आठवड्याला तपासायची, सिग्नलला इंजिन बंद करायचं आणि वेग पंचेचाळीस ते पंचावन्नच्या मध्ये ठेवायचा. हे सगळे सल्ले सरकारी इंधनबचतवाल्यांचेच आहेत आणि चांगले आहेत, पण पुण्यात पंचेचाळीसचा वेग गाठायचा तर वाहतुकीला आधी कुठेतरी पाठवावं लागेल. सिग्नलवरच्या आकड्यांत तीन उरले असताना काका स्टार्टर मारतात. मागच्यांचे हॉर्न दहा उरल्यापासूनच चालू असतात. गाडीला एसी आहे, असं कंपनीच्या पुस्तकात लिहिलं आहे. काकूंनी तो लागलेला अजून पाहिलेला नाही.

काकांची खरी कला पाहावी ती खंबाटकी उतरताना. माथ्यावर आले की गाडी न्यूट्रलला आणि इंजिन बंद. ‘बघा, फुकट चाललीय!’ काकूंची रामरक्षा तिथेच सुरू होते. इंजिन बंद झाल्यावर स्टिअरिंग जड होतं आणि दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकही दगडासारखा होतो. मग काका दोन्ही हातांनी चाकाशी झोंबत, सीटवरून जवळजवळ उभे राहत ब्रेक दाबतात आणि काकूंचा वेग वाढतो. एका मेकॅनिकने त्यांना समजावलं, ‘काका, हल्लीचं इंजिन गिअरमध्ये ठेवून उतरलात आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडलात ना, तर पेट्रोल आपोआप तोडतं. शिवाय गाडीही धरून ठेवतं. न्यूट्रलला चालू ठेवलंत तर उलट पितं.’ काका विचारात पडले. म्हणाले, ‘असेल. पण गिअरमध्ये असताना फुकट चाललीय असं वाटत नाही ना!’ घाट उतरून आनेवाडीच्या टोलनाक्यावर फास्टॅगमधून पैसे कटल्याचा मेसेज आला, तेव्हा त्यांनी चप्पल घातली.

आमच्या साडूंनी सीएनजी घेतली. डिकीत सिलिंडर आहे, बॅगा मांडीवर असतात आणि रविवार रांगेत जातो. विजेच्या स्कूटरचा विचार मीही केला, पण चार्जिंग पॉइंटचं बिल कुणाच्या मीटरवर घ्यायचं, यावर सोसायटीच्या सभेत अजून एकमत व्हायचंय. १२ नोव्हेंबर १९७३ ला अटलबिहारी वाजपेयी दरवाढीच्या निषेधार्थ बैलगाडीतून संसदेत गेले होते. त्यांना आमच्या सोसायटीत पार्किंग मिळालं नसतं. बैल एक की दोन, इथपासून सभा सुरू झाली असती.

आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शाने कमी, त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडं घसरतं. कॉलनीत यावर हळहळ चालू असताना कोल्हापूरजवळ राहणारे माझे मामा खूश आहेत. त्यांचा ऊस कारखान्याला जातो. ‘माझाच ऊस पितीया की रं तुझी गाडी!’ असं ते फोनवर ओरडून सांगतात.

हेच मामा टाकी भरायला निपाणीला जातात. कर्नाटकात लिटरमागे दोन रुपये तरी स्वस्त मिळतं, असं त्यांचं म्हणणं. गेल्या खेपेला मला सोबत नेलं. पंपावर उतरून त्यांनी स्वतः शून्य पाहिलं, टाकी गळ्यापर्यंत भरली आणि पोराला नळी दोनदा झटकायला लावली. परतीच्या वाटेवर मला राहवेना. म्हटलं, ‘मामा, पस्तीस लिटरवर दोन रुपयांनी वाचले सत्तर. जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर. गाडी सोळाचं अ‍ॅव्हरेज देते. म्हणजे सत्तर वाचवायला पाच लिटर जाळलंत तुम्ही!’

मामांनी कागलपर्यंत त्यावर विचार केला.

‘हिशोब बरोबर हाय तुझा,’ ते म्हणाले, ‘पर त्या पाच लिटरात लिटरभर तर आमचाच ऊस हाय. त्यो कशाला धरतोस?’